टप्पा आणि मुक्काम

मराठी भाषेत ‘टप्पा’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक घर वाटसरूचे. पायी, बैलगाडीने वा आगगाडीने निघालेला मनुष्य जेवढी मजल एका दमात मारतो, तो टप्पा. दुसरे घर गवयाचे. ख्याल, ठुमरी, तराणा यांच्या पंक्तीत बसणारा, परंतु त्यांच्यापेक्षा गायला कठीण असा एक गानप्रकार, तोही टप्पाच. पहिल्या टप्प्याचा अनुभव आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसऱ्या टप्प्याचे मर्म आम्हांला ज्यांच्या कंठातून कळले, त्या विदुषी मालिनी राजूरकर याच आमच्या हैदराबाद शहरात राहिल्या, येथेच त्यांनी संसार केला, आणि ६ सप्टेंबर २०२३ रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी येथेच त्यांनी देह ठेवला.

मालिनीबाईंविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात होते. आता लिहावयास बसण्याचे निमित्त मात्र घरगुती आहे. आमची सेवानिवृत्ती जवळ आली आहे. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाची खुर्ची सोडली की पुढे काय, हा प्रश्न आम्हांस पडण्याआधीच नातलगांनी त्याचे उत्तर तयार ठेवले आहे. धाकटे बंधू पुण्यास स्थायिक आहेत. ते म्हणतात, “दादा, आता तिथे कुणासाठी राहायचे? इकडे या. निदान म्हातारपण तरी मराठीत काढा.” हे शेवटचे वाक्य मनात रुतून बसले. हैदराबादेत राहून आयुष्य मराठीत काढता येते की नाही, याचा शोध घेत आम्ही गेल्या काही रविवारी या शहरातील आपल्या जुन्या वाटा पुन्हा एकदा चाललो. चालता चालता वारंवार मालिनीबाईंचीच आठवण होत गेली.

या वाटांचा आरंभ काचीगुडा स्थानकापासून करावा. १९१६ साली बांधलेली ही निजामशाही रेल्वेची देखणी इमारत, तिचे घुमट आणि कमानी, आजही तशाच उभ्या आहेत. नांदेड, परभणी, पूर्णेकडून येणारी मराठी कुटुंबे येथेच उतरत. कोणी उच्च न्यायालयात वकिली करण्यास येई, कोणी दफ्तरात कारकुनीस, कोणी उस्मानियात शिकावयास, तर कोणी नुसतेच पोट भरावयास. मीटर गेजच्या काळात येथून ‘मीनाक्षी एक्स्प्रेस’ पूर्णा, अकोला, खांडवा अशी वाट काढीत राजस्थानाकडे जाई. लहानपणी त्या गाडीच्या पाटीवरील दूरच्या गावांची नावे वाचण्याचा आम्हांला छंद होता. दक्षिणेतील या शहराची एक दोरी थेट राजपुतान्याशी बांधलेली आहे, हे भूगोलाच्या पुस्तकाआधी आम्हांस त्या पाटीने शिकविले.

काचीगुड्यावरून बडी चावडी आणि तेथून सुलतान बाजार. एकेकाळी याला रेसिडेन्सी बाजार म्हणत, कारण पलीकडेच कोटीला ब्रिटिश रेसिडेंटची ती भव्य खांबांची कोठी. या परिसरात निजामाच्या पोलिसांचा हात थोडा आखडता असे. म्हणूनच शाळा, वाचनालये, सभा यांनी येथे मूळ धरले. तेलुगू बांधवांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् १९०१ साली येथेच स्थापन झाले. आपली विवेकवर्धिनी १९०७ सालची, जामबागेतील. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांसारख्या मंडळींनी उर्दू राजभाषा असलेल्या या राजधानीत मातृभाषेच्या शिक्षणाचा दिवा लावला. मराठी ग्रंथसंग्रहालय याच परिसरातले. १९३१ साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच शहरात.

त्या काळी निजामी राज्यातील साधारण चार माणसांत एक मराठी बोलणारा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. मराठवाडा आपल्या माणसांत गेला याचा आनंद आमच्या वाडवडिलांना झालाच. परंतु राजधानीत घरे केलेली मराठी कुटुंबे मात्र एका रात्रीत अल्पसंख्य झाली. जिल्हा गेला, घर राहिले. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. आमच्या घराचा पत्ता न बदलता राज्य दुसऱ्यांदा बदलले.

आता सुलतान बाजारच्या अरुंद गल्लीवरून मेट्रो धावते. २०२० सालापासून तेथे तिचे स्थानकही आहे. खाली साड्यांच्या दुकानांत, भांड्यांच्या दुकानांत तेलुगू, दखनी, मारवाडी आणि मधूनच मराठी ऐकू येते. हे मराठी पुण्याच्या कानाला थोडे खटकते. आम्ही ‘हौ’ म्हणतो, ‘नक्को’ म्हणतो, क्रियापदे दखनीच्या वळणाने वळवितो. बंधूंची मुले त्याला हसतात. हसोत बापडी. त्या बोलीत आमची आजी ओव्या म्हणत असे.

हैदराबाद हे गाणाऱ्यांचे शहर आहे, आणि ते आपल्या गाणाऱ्यांना कोठे ठेवते हे पाहण्यासारखे आहे. शहराच्या उत्तरेस मौलाअलीच्या टेकडीच्या पायथ्याशी माहलका बाई चंदा हिची कबर आहे. ही १७६८ साली औरंगाबादेस जन्मली, म्हणजे आपल्या मराठवाड्याची लेक. ती गायिका, नर्तिका, उर्दू कवयित्री आणि जहागीरदारीण होती. आईच्या स्मरणार्थ तिने १७९२ साली मकबरा बांधविला आणि १८२४ साली तीही तेथेच विसावली. १७९९ साली एका मैफलीत तिने आपल्या गझलांचे हस्तलिखित जॉन माल्कम या तरुण स्कॉटिश अधिकाऱ्यास नजर केले. हा तोच माल्कम, ज्याच्या स्वाधीन पुढे १८१८ साली दुसरा बाजीराव झाला. ते हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मौलाअलीची ती बाग, ती कमान आणि ती कबर यांचा जीर्णोद्धार २०११ च्या सुमारास झाला.

पूर्वेकडे अंबरपेटेत पंडित मोतीराम यांची समाधी आहे. मेवाती घराण्याचे हे थोर गवई निजामाचे दरबारी गायक व्हावयाचे, परंतु १९३४ साली त्या मानाच्या दिवशीच त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव पंडित जसराज तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. पुढे कीर्तीच्या शिखरावर पोहोचल्यावरही ते दरसाल नोव्हेंबरअखेर या शहरात येत, समाधीपाशी बसून गात, आणि पित्याच्या नावाने संगीत समारोह भरवीत. २०२० साली त्यांचे निधन होईपर्यंत या शहराशी त्यांनी हे नाते पाळले.

ग्वाल्हेरीस तानसेनाच्या कबरीजवळ चिंचेचे झाड आहे आणि त्याची पाने चघळल्याने गळा गोड होतो अशी श्रद्धा आहे. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीस गवई हजेरी लावतात. गाणाऱ्याचे गाणे हवेत विरते म्हणूनच की काय, माणसे त्याच्यासाठी एखादे झाड, एखादा दगड शोधून ठेवतात. मग मालिनीबाईंसाठी हैदराबादेत आम्ही कोठे जावे? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या येथवर कोणत्या वाटेने आल्या हे सांगणे प्राप्त आहे.

मालिनीबाईंचा जन्म ७ जानेवारी १९४१ चा. त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या राजस्थानात, अजमेरास. ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याचे, आनासागराच्या पाण्याचे ते गाव. मराठी घरातील ही मुलगी गणित विषय घेऊन पदवीधर झाली आणि तेथील सावित्री कन्या विद्यालयात तीन वर्षे तिने गणित शिकविले. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे या तीन वर्षांचे आम्हांस फार अप्रूप वाटते. खडूने हात माखलेली, वह्या तपासणारी, फळ्यावर समीकरण सोडवून दाखविणारी ती शिक्षिका तशीच राहिली असती तर एक चांगली मुख्याध्यापिका झाली असती. परंतु संगीत शिक्षणासाठी तिला तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. अजमेरच्या संगीत महाविद्यालयात गोविंदराव राजूरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव राजूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिने ‘संगीत निपुण’ ही पदवी संपादन केली. पुढे वसंतरावांशीच विवाह झाला आणि गुरुगृह हेच सासर झाले. यथावकाश हैदराबाद हे त्यांचे गाव झाले.

गोविंदराव हे ग्वाल्हेरच्या राजाभैया पूछवाले यांच्या परंपरेतले. ग्वाल्हेर घराणे हे ख्यालगायनाचे आद्य घराणे म्हणून ओळखले जाते. मोकळा, सरळ आवाज, रागाची स्वच्छ मांडणी आणि बंदिशीविषयी आदर, ही त्याची लक्षणे. शिंद्यांच्या त्या नगरीत मराठी माणसाने या विद्येची सेवा पिढ्यान्‌पिढ्या केली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. सारांश, मराठी माणूस आणि ग्वाल्हेरचे गाणे ही जोडी भूगोलाच्या रेषा मानीत नाही.

या घराण्याच्या पेटाऱ्यातील एक अवघड रत्न म्हणजे टप्पा. याच्या जन्माची कथा मोठी रम्य आहे. अठराव्या शतकात लखनौचा गुलाम नबी, ज्याला शोरी मियाँ म्हणतात, पंजाबकडे गेला. वाळवंटातून उंटांचे तांडे हाकणारे लोक वाटेत जी गाणी गात, त्यांच्या कंपनांवर तो मोहित झाला आणि त्या ढंगाला रागदारीचे रूप देऊन त्याने टप्पा घडविला. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, टप्प्याची भाषा आजही बहुधा पंजाबी असते एवढे खरे. लखनौची ही विद्या पुढे ग्वाल्हेरास आली, ग्वाल्हेरची अजमेरास गेली आणि अजमेरची मालिनीबाईंसमवेत मुशीकाठी येऊन वसली. पाहा, गानप्रकाराचे नाव ‘टप्पा’ आणि त्याचा प्रवासही टप्प्याटप्प्यानेच!

टप्पा ऐकावयास जितका चटकदार तितका गावयास दुर्घट. ख्यालात गवई एका स्वरावर निवांत थांबतो, रागाचे एकेक दालन उघडतो. टप्प्यात थांबावयास जागा नाही. शब्द दोनचारच, परंतु प्रत्येक अक्षराला जमजमा, खटका, मुरकी यांची नक्षी. तान वेगळी यावयाची नाही, ती शब्दाच्या पोटातूनच फुटावयाची. एक तान खाली कोसळते आहे असे वाटावे तोच ती मध्येच वळण घेऊन वर उसळते. आणि एवढे सारे आडवळण घेऊनही समेवर नेमके उतरावयाचे, एक मात्रा अलीकडे नाही की पलीकडे नाही. घसा, श्वास आणि हिशेब या तिघांची ही एकत्र परीक्षा असते. गणिताच्या शिक्षिकेला हा प्रकार साधावा यात आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाही. लांबलचक समीकरणाच्या शेवटी उत्तर अचूक यावे, तसे त्यांचे समेवर येणे असे.

आम्ही एम. ए.ला असताना एका मैफलीत त्यांना प्रथम ऐकले. मराठी साहित्याचा विद्यार्थी, संगीतातले यथातथाच. आधी ख्याल झाला. तो आम्ही आदराने ऐकला. मग टप्पा सुरू झाला आणि सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यांत एक चमत्कारिक शांतता पसरली. प्रत्येक जण पुढे किंचित झुकला होता, जणू काही पाण्याचा लोट अंगावरून जातो आहे आणि एक थेंबही निसटू नये. चेहऱ्यावर आविर्भाव नाही, हातवारे नाहीत. दागिन्यांचा लखलखाट नाही, शब्दांची पखरण नाही. स्वयंपाक आटोपून बसलेली एखादी गृहिणी जितकी साधी दिसेल तितक्या त्या साध्या दिसत होत्या. परंतु कंठातून मात्र विजा निघत होत्या. सम आली तेव्हा आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ‘अल्ला’ एवढेच म्हणाले आणि पलीकडचे तेलुगू गृहस्थ डोळे पुसू लागले. त्या टप्प्याचे पंजाबी शब्द आम्हां तिघांपैकी कोणाला कळले असतील असे वाटत नाही.

ज्या गाण्यांनी त्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या ती मात्र मराठी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्र’ नाटकातील ‘पांडुनृपति’ हे पद आणि खाडिलकरांच्या १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील ‘नरवर’ हे पद, ही दोन्ही मालिनीबाईंच्या आवाजात अतिशय लोकप्रिय झाली. ‘स्वयंवर’च्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रुक्मिणीच्या वेषात बालगंधर्वांनी ती अजरामर केली. त्या पदांना हात घालणे म्हणजे भरल्या देव्हाऱ्यात आपली मूर्ती ठेवण्यासारखे. मालिनीबाईंनी नक्कल केली नाही. ग्वाल्हेरची सरळ, दाणेदार तान घेऊन त्या पदात शिरल्या आणि ते पद त्यांचे झाले. ज्यांचे बालपण राजस्थानात गेले आणि संसार तेलुगू मुलखात, त्यांच्या तोंडचे मराठी पद पुण्याच्या रसिकाने पुन्हा पुन्हा मागून ऐकावे! बंधूंच्या त्या ‘मराठीत काढा’ या वाक्याचे उत्तर येथे कोठेतरी आहे, असे आम्हांस वाटू लागले.

कीर्ती आली ती महाराष्ट्रापुरती नव्हे, देशभर आली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, मुंबईचे गुणीदास संमेलन, ग्वाल्हेरचा तानसेन समारोह, दिल्लीचा शंकरलाल महोत्सव, अशा मानाच्या व्यासपीठांवर त्या गायिल्या. २००१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. शास्त्रीय गायकाला मुंबई-पुण्यात राहिल्याने लाभणारी सोय वेगळीच असते. मैफली तेथे, ध्वनिमुद्रण कंपन्या तेथे, समीक्षक तेथे, शिष्यांची रांग तेथे. मालिनीबाई हैदराबादेत राहिल्या. येथून गाडीत बसावे, गावे आणि परत यावे. प्रसिद्धीचा हव्यास त्यांनी धरला नाही, हे त्यांना ऐकलेल्या पिढीतील कोणीही सांगेल. उतारवयात त्यांनी आपण होऊन जाहीर मैफलींपासून स्वतःस दूर घेतले. रसिकांची मागणी सरलेली नव्हती. चाहते ध्वनिमुद्रिकांतून त्यांना ऐकतच होते. कोठे थांबावे हे ज्याला समेइतके नेमके कळते, त्यालाच हे साधते.

आता मघाचा प्रश्न पुन्हा घेऊ. मालिनीबाईंसाठी या शहरात कोठे जावे? माहलका बाईला जहागीर होती, तिने दगडात आपले नाव कोरून ठेवले. मोतीरामजींना तसा पुत्र लाभला. मध्यमवर्गीय गृहिणीपाशी जहागीर नसते. तिच्यापाशी असतो तो रोजचा रियाझ. पहाटे उठावे, तंबोरा जुळवावा, खर्ज लावावा, काल जी मुरकी चुकली ती आज शंभर वेळा घोटावी, आणि मग दूधवाल्याला दार उघडावे. कोणत्याही गवयाचा दिवस असाच सुरू होतो, आणि संसारी स्त्रीचा तर अधिकच. अशा रियाझाला साक्षी फक्त घराच्या भिंती. तेव्हा स्थळच दाखवावयाचे तर या शहरातील कोणतेही मराठी घर दाखवावे लागेल, जेथे संध्याकाळी त्यांची मुद्रिका लागते.

येथे आमच्या शाळेतील एक गोष्ट सांगावीशी वाटते. हजेरीपटावर कुलकर्णी, जोशी, पवार, सूर्यवंशी अशी नावे अजून येतात. नाव पुकारले की मूल तेलुगूत ‘उन्नानु सर’ म्हणते. मराठी बोलता येते का, असे विचारले तर घरी आजी बोलते, असे सांगते. आम्ही मराठीचे एम. ए., परंतु शाळेचा कारभार तेलुगू आणि इंग्रजीत चालवितो. तो चालवावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. ज्या मातीचे अन्न खातो तिची भाषा आली पाहिजे आणि आली ती प्रेमाने आली. परंतु आजी गेली की त्या मुलाच्या घरातील मराठी जाईल, ही गोष्ट मनास डाचते. विवेकवर्धिनी काढणाऱ्यांनी संस्था दिल्या. संस्था फार मोलाच्या खऱ्या, पण संस्थेला घरातून मूल यावे लागते. टप्पा टिकला तो दरबारामुळे नव्हे. दरबार केव्हाच बुडाले. लखनौच्या नवाबाचा नाही, ग्वाल्हेरच्या महाराजांचा नाही, हैदराबादच्या निजामाचाही नाही. कोणीतरी कोणाला तरी समोर बसवून ते अवघड वळण शिकविले आणि शिकणाऱ्याने ते रोज घोटले, म्हणून पंजाबच्या तांड्यांचे गाणे शेकडो कोसांवर हैदराबादेत येऊनही जिवंत राहिले. भाषेचेही याहून निराळे नसावे.

हे सारे एका रात्री जेवणानंतर सौभाग्यवतींना वाचून दाखविले. त्या शांतपणे ऐकत होत्या.

“अहो, पण एवढा विचार करून ठरलं काय?” त्यांनी विचारले. “भावोजींचा फोन येईल उद्या. त्यांना काय सांगायचं?”

“तुला काय वाटतं?” आम्ही विचारले.

“मला विचारलंत तर इथली लक्ष्मम्मा सोडून मला पुण्यात करमायचं नाही. तिच्या नातीला मी हरिपाठ शिकवलाय. ती मला बतकम्माची गाणी शिकवते. आता साठीला नवी शेजारीण कुठे शोधू?” असे म्हणून त्या भांडी आवरावयास निघून गेल्या.

प्रपंचातील मोठे निर्णय असे भांड्यांच्या आवाजातच होतात. बंधूंना आम्ही पत्र घातले. फोनवर ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती, शिवाय आमच्या हातचे मराठी पत्र त्यांच्या मुलांनी वाचावे अशीही इच्छा होती. पत्रात लिहिले की, पुण्यास अवश्य येऊ, महोत्सवाच्या दिवसांत येऊ, चार दिवस राहू, परंतु मुक्काम इकडेच. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी घरच्या ओसरीवर मुलांना मराठी शिकविण्याचा विचार आहे. फी नाही, परीक्षा नाही. अट एकच, मुलाने आजीशी आठवड्यातून एकदा मराठीत बोलावे. आतापावेतो पाच नावे आली आहेत. पाचवे नाव लक्ष्मम्मांच्या नातीचे आहे.

पाच ही संख्या थोडी खरी. परंतु टप्पा गाणारे तरी एका पिढीत असे कितीसे होते?